ताप वरच्या थरापुरता

सुकलाल सर कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायचे. चहाचा कप असो, उन्हात उभ्या स्कूटरची सीट असो, वर्गाच्या लोखंडी दाराची कडी असो. तळहाताचं काम मागाहून, आधी बोटांची मागची बाजू. एकदा स्टाफरूममध्ये मी त्यांना म्हटलं, "सर, समोसा आहे तो. त्याला ताप नाही आलेला." ते म्हणाले, "ताई, तयहात राबी राबी निबर व्हई जास, त्याले खरं समजत नही. मांगली बाजू खोटं बोलत नही." मग समोसा मधोमध तोडून त्याची वाफ जाऊ दिली आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला.

सुकलाल हे नाव पुण्यामुंबईकडच्या माणसांना गमतीचं वाटतं. आमच्याकडे नंदुरबारला गल्लीत एक तरी सुकलाल सापडतो. हे सुकलाल पाटील प्रकाशा या तीर्थाच्या गावाजवळच्या, तापीकाठच्या खेड्यातले. घरची शेती केळीची आणि पपईची, भाऊ सगळे शेतात, हे एकटेच नोकरीत. आमच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे आणि मी शेजारच्या खोलीत रसायनशास्त्र. मी नवापूरकडची, डोंगरातली. घरी मावची बोलणारी, रविवारी चर्चला जाणारी आमची माणसं. मला जी काही अहिराणी येते ती सरांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या तोंडून आलेली आहे. त्यामुळे अजूनही मी अहिराणी बोलायला लागले की माणसं विचारतात, तुम्ही प्रकाशाच्या का?

कॉलेजच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिथे सरांनी त्यांची लेझरची प्रयोगशाळा थाटली होती. थाटली हा शब्द जरा मोठाच झाला. एका मोठ्या संस्थेने मोडीत काढलेला लेझर त्यांनी मिनतवाऱ्या करून मिळवला, तो ट्रकमध्ये गाद्यांच्या मधोमध घालून आणला आणि मग कित्येक सुट्ट्या त्याच्याशी झटापट करून चालू केला. तो चालू झाला त्या दिवशी सरांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आम्हाला वाटलं घरात कुणाचं तरी लग्न ठरलं.

त्यांचा विषय मला त्यांनीच समजावला. चिप तयार करताना सिलिकॉनच्या चकतीत दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू घुसवतात. घुसताना ते अणू आतली नीटस रचना विस्कटून टाकतात. ती पुन्हा जागेवर बसवायची तर चकतीला ताप द्यावा लागतो. पण भट्टीत घातली तर चकती सगळीच तापते आणि खाली आधी तयार झालेले नाजूक थर बिघडतात. म्हणून लेझरचा झोत मारायचा, डोळ्याची पापणी लवायच्या आत, वरच्या वर. आता एवढं केलं तरी उष्णता कुणाचं ऐकते थोडीच? ती खाली झिरपते, कडेला पसरते. कधी वरचा थर फुगून उडतो, कधी चकतीला तडा जातो. हे उष्णतेचं नुकसान कमी कसं करायचं, एवढ्या एका गोष्टीपायी सरांनी आपलं उमेदीचं आयुष्य त्या लांबट खोलीत घातलं.

त्यांची युक्ती ऐकायला सोपी होती. चकती आधी खालून हळूच कोमट करायची, म्हणजे वरचा ताप तिला एकदम झोंबणार नाही. मग एकच मोठा घाव न घालता त्याचे लहान लहान घाव करायचे आणि दोन घावांमध्ये थोडी उसंत द्यायची. सगळी करामत त्या उसंतीत होती. ती कमी पडली तर ताप साठत जातो आणि जास्त झाली तर काम होत नाही. वर्गात हे शिकवताना ते बर्नर पेटवायचे, घरून आणलेला उडदाचा पापड चिमट्यात धरायचे आणि ज्योतीवरून झरझर फिरवत भाजून दाखवायचे. डाग न पडता फुललेला पापड वर धरून म्हणायचे, "वरना थर वितयू द्या, खालनाले खबर नको." धडगावकडून, तोरणमाळाहून आलेल्या मुलांना प्रमाण मराठीतली व्याख्या तीनदा सांगून कळायची नाही, ती पापडाने एका फटक्यात कळायची. शिवाय पापड खायला मिळायचा.

आमचं कॉलेज गावाच्या कडेला आणि त्याच्या पलीकडे मिरचीची पथारी. हंगामात लाल मिरची मैदानभर सुकत पडलेली असते. वारा फिरला की सगळं नंदुरबार शिंकतं. बाहेरचा पाहुणा डोळे चोळत विचारतो की इथे काय झालंय, आणि आम्हाला काही झालंय हेच आठवत नाही. सरांचा मात्र तो जीव टांगणीला लागण्याचा काळ. लेझरच्या भिंगावर धुळीचा कण बसला की तो कण झोताचा ताप पिऊन जळतो आणि भिंगाला घेऊन जातो. म्हणून ते खिडक्यांना ओल्या चादरी लावायचे, फटींत कापडाच्या पट्ट्या कोंबायचे. खोलीत शिंकायला सक्त मनाई. एकदा आमचे प्राचार्य पाहणीला आले आणि आत शिरताच त्यांचं नाक हुळहुळलं. सरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं, शिंकू दिलं, पाण्याचा ग्लास दिला आणि दार लावून घेतलं. बाहेर उभे प्राचार्य मला म्हणाले, "या कॉलेजचा प्रमुख नक्की कोण आहे हो?" मी म्हटलं, "सध्या तरी ते भिंग दिसतंय."

सरांची दुसरी एक सवय होती आणि तिचा मला मनापासून राग यायचा. चूक कुणाचीही असो, ती ते आपल्यावर ओढवून घ्यायचे. एका सभेत प्राचार्य संतापले होते, वनस्पतिशास्त्राचे अंतर्गत गुण विद्यापीठात वेळेवर गेले नव्हते. तिथला नवा मास्तर मान खाली घालून बसला होता. सर उठले आणि म्हणाले, "ते कागद माझ्याकडे राहून गेले." वनस्पतिशास्त्राचे गुण भौतिकशास्त्रवाल्याकडे कसे राहिले हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना घरी जायचं होतं. प्राचार्यांनी सरांना झाड झाड झाडलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, ही काय खोड?" तर म्हणे, "त्याले सहन व्हत नही, ताई. नवा शे. मले व्हई जास." पुढे आमच्या स्टाफरूममध्ये म्हणच पडली, काही हरवलं, मोडलं, विसरलं की पाटलांच्या नावावर टाका. आम्ही हसायचो आणि तेही हसायचे.

त्यांच्या घरी विमलवहिनी होत्या. वहिनींचं हसणं दोन गल्ल्या ऐकू जायचं. गावाकडची शेती त्या फोनवरून चालवायच्या, पपईच्या व्यापाऱ्याला गार करायच्या आणि त्याच वेळी खापरावर पुरणपोळी घालायच्या. ती पोळी करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. सैल कणकेची पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद टाकायची. सर तिथे जाऊन उभे राहिले की वहिनी म्हणायच्या, "मन्हा खापरले हात लावू नका. जा तुमनी मशिनजोडे." मशीनला त्या सरांची दुसरी म्हणायच्या. डबा पाठवताना निरोप द्यायच्या, एक भाकर जास्त शे, तिलेबी चारा.

त्यांची एकच तक्रार खरी होती. खंडेनवमीला वहिनी घरातल्या प्रत्येक कामाच्या वस्तूची पूजा करायच्या. विळा, कोयता, शेतातली मोटर, शिलाई मशीन, मिक्सर, सरांची स्कूटर, सगळ्यांना कुंकवाचं बोट लागायचं. एका वर्षी तर सरांच्या कॅल्क्युलेटरला लागलं आणि त्याचं बरोबरचं बटण लाल झालं. पण जिच्यावर सरांचं सगळं चित्त, त्या मशीनची पूजा कधी झाली नाही. सर म्हणायचे तिथे धूळ चालत नाही. वहिनी एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "म्हंजे मन्हं कुकू धूय शे का?" सरांनी हसून विषय बदलला. वहिनी त्या वेळी हसल्या नव्हत्या.

मग गुजरातेतली माणसं यायची ठरली. तिकडे चिप बनवण्याचा एक कारखाना उभा राहत होता. सुरतच्या एका परिषदेत सरांचं बोलणं त्यांच्या देसाईबाईंनी ऐकलं होतं. देसाईबाई मूळच्या बडोद्याच्या, मराठी बोलणाऱ्या, कामाला वाघ. त्यांनी सरांना फोन केला की तुमची पद्धत आम्हाला डोळ्यांनी बघायची आहे. बघितली आणि पटली तर त्यांचा कारखाना ती चाचणीला घेणार होता, आमच्या लांबट खोलीत नवी यंत्रसामग्री येणार होती आणि आमची मुलं तिथे शिकून थेट कामाला लागणार होती. सरांच्या वर्गात तेव्हा डोंगरातली चांगली चांगली पोरं-पोरी होती. सर त्यांच्याकडे बघत राहायचे आणि त्या दिवसांत त्यांनी चहा उलटा हात न लावता गरमच प्यायला, इतके ते हरखले होते.

पाहुणे यायचा दिवस नेमका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. प्राचार्यांना औक्षण हवं होतं, फोटो हवे होते. सरांनी अट घातली की जे काय ओवाळायचं ते फाटकाशी, खोलीत काही नाही. दसऱ्याच्या दिवशी त्यांनी स्वतः प्रत्येक भिंग पुसलं, मशीनवर स्वच्छ कापड घातलं आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. सर स्टेशनवर असताना वहिनी कॉलेजात आल्या. शिपायाने खोली उघडून दिली, वहिनींना नाही कोण म्हणणार? त्यांनी धूप आणला नव्हता, फूल नव्हतं, अक्षता नव्हत्या. धूळ चालत नाही हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. चपला बाहेर काढल्या, पदर खोचला, कापडाची कड उचलली आणि ओल्या कुंकवाचं एक बोट, अगदी तिळाएवढं, मशीनच्या डोळ्याला लावलं. त्या शेवटच्या भिंगाला सर डोळा म्हणायचे. ते खाली तोंड करून बसवलेलं असतं, वाकून खालून बघितल्याशिवाय दिसत नाही. वहिनी वाकल्या, लावलं, कापड पूर्ववत केलं आणि फाटकाशी जाऊन ताट घेऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत जी एक पूजा राहून गेली होती ती त्या मोठ्या दिवशी राहू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं.

औक्षण झालं, फोटो झाले. पाहुणे खोलीत आले. आम्ही सगळ्यांनी जाड चष्मे लावले. दारात प्राचार्य, त्यांच्यामागे दोनचार शिक्षक आणि एका बाजूला वहिनी, ताट तसंच हातात. सरांनी आधी झोत अगदी मंद ठेवून दाखवला. सगळं ठीक होतं. देसाईबाई एकेक प्रश्न विचारत होत्या आणि सर इतकं सुरेख उत्तर देत होते की मला वाटलं, या माणसाला आम्ही कधी नीट ऐकलंच नाही. मग त्यांनी चकती कोमट केली, झोत पूर्ण ताकदीवर नेला आणि बटण दाबलं.

टक असा आवाज आला. भिंगाच्या कडेतून धुराची एक बारीक रेघ निघाली. चकतीवर काजळी आणि मधोमध खड्डा. नुकसान कमी करण्याची पद्धत बघायला आलेल्या माणसांसमोर इतकं नुकसान त्या खोलीत पूर्वी कधीच झालं नव्हतं. सर बटणावरचं बोट न उचलता तसेच उभे राहिले.

देसाईबाई समंजस होत्या. जेवायला जाताना त्या सरांना म्हणाल्या, "सर, प्रयोग फसतात. त्याने मी मागे हटत नाही. पण का फसला ते मला कळलं पाहिजे. कारण शोधा, मला सांगा, मी पुन्हा येते." हे माझ्यासमोरचं बोलणं आहे. दार बंद झालेलं नव्हतं. फक्त एक कारण सांगायचं होतं.

पाहुणे गेल्यावर सरांनी ते भिंग सोडवलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. काच तडकलेली होती, तिच्या कडेला काळा डाग आणि डागाभोवती बारीक लाल कड. सरांनी तो डाग बराच वेळ बघितला. मग शिपायाला हाक मारून विचारलं की सकाळी कोण आलं होतं. तो म्हणाला, वहिनी आल्या होत्या, हात जोडून गेल्या. सरांनी त्याला बरं म्हणून पाठवून दिलं, दार लोटलं आणि मला म्हणाले, "ताई, हाई फक्त तुमले नि मले. तिसराले नही." मी ख्रिस्ती, माझं कपाळ कोरं, तेव्हा कुंकवाचं गुपित ठेवायला त्यांना मीच सापडले याचं मला आजही हसू येतं आणि हसू पुरं व्हायच्या आत राग येतो.

मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, "वहिनींना नका सांगू. पण देसाईबाईंना सांगा. भिंगावर कचरा होता म्हणा."

"कसाना कचरा, आशे त्या इचारतीन. मंग?"

"मग खरं सांगा."

"खरं सांगं तं प्राचार्य चौकशी लावतीन. शिपाई जाई. आनि पाटील सरनी बायकोनी कुकू लाई मशीन जायी, हाई गोष्ट दर लगीनमा निंघी. ती जिंदगीभर सोतालेच खात बशी, ताई."

"मग काय सांगणार?"

"कारन सापडनं नही."

"सर, हेही खोटंच आहे."

सरांनी भिंग कापसात गुंडाळलं. "हाई मन्हाबद्दल खोटं शे," ते म्हणाले. "मशिनबद्दल नही."

मला हे पटलं नाही ते नाहीच, आजही नाही. इंजिनिअर माणसाला तुम्ही चूक सांगा, तो तुमच्या शेजारी बसून ती दुरुस्त करील. कारण सापडलं नाही म्हणालात की तो तुमच्यावर कारखाना कसा सोपवील? देसाईबाईंचे फोन आले, पुन्हा आले. प्रत्येक वेळी सरांनी तेच सांगितलं. बाईंचा आवाज प्रत्येक वेळी जास्त औपचारिक होत गेला आणि मग फोन यायचे थांबले. कारखान्याने दुसरी वाट धरली. जग काही अडलं नाही. असल्या युक्त्या जगात एकट्याला सुचत नसतात, कुठेतरी कुणीतरी त्याच वाटेने पुढे गेलंच असेल. अडलं ते आमचं. त्या वर्गातली एक मुलगी, डोंगरातल्या काठी गावाकडची, जिच्या बोटांत सरांच्या मते भिंग बसवण्याची कला होती, ती पुढे सुरतेला साड्यांवर खडे चिकटवायला लागली. होळीला गावी जाताना ती मला बसस्टँडवर भेटली होती. सर कसे आहेत म्हणून तिने विचारलं आणि मी बरे आहेत म्हटलं.

नवं भिंग कधी आलं नाही. प्राचार्यांनी सरांना फार बोलून घेतलं आणि सरांनी ते ऐकून घेतलं. लांबट खोलीत आधी मोडके बाक आले, मग निवडणुकीच्या पेट्या, मग कुणी विचारीनासं झालं. सर निवृत्त होईपर्यंत संध्याकाळी निघताना एकदा तिथे डोकावून जायचे. खिडक्यांच्या चादरी त्यांनी काढल्या नव्हत्या. पथारीवर मिरची आली की ते त्या भिजवायचेसुद्धा. कशासाठी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, सवय. त्या दिवशी मी तास बुडवून घरी गेले आणि रडले. एवढं बुद्धिमान माणूस, एवढं सरळ, आणि इतक्या छोट्या गोष्टीपायी त्याचं सगळं मातीत जावं? वहिनी काही इतक्या काचेच्या नव्हत्या. सांगितलं असतं तर आठ दिवस रडल्या असत्या आणि नवव्या दिवशी स्वतः देसाईबाईंना फोन लावून भांडल्या असत्या. असं मला वाटायचं.

निवृत्तीनंतर दोघं गावी राहायला गेली. सरांच्या हृदयाने कुरकूर सुरू केल्याचं कळलं म्हणून मी भेटायला गेले. ती आमची शेवटचीच भेट ठरली. सर ओट्यावर खाटेवर बसले होते, फार वाळले होते. मला बघून खूश झाले, केळीच्या बागेत ठिबकचं पाणी कसं दिलंय ते सविस्तर सांगितलं. पाणी थोडं थोडं द्यायचं आणि मध्ये उसंत द्यायची, असं सांगताना स्वतःच थांबले. मग मी आत वहिनींकडे गेले. त्यांनी माझ्यासाठी खापर मांडलं होतं. तशाही परिस्थितीत पुरण शिजवलं होतं.

पोळी हातावर झुलवता झुलवता, माझ्याकडे न बघता, वहिनी म्हणाल्या, "ताई, एक गोष्ट इचारू? त्या दिनले भिंगले काय व्हयेल व्हतं, तुमले त्यासनी सांगेल शे ना?"

मी म्हटलं, "कसलं भिंग, वहिनी?"

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मले माहीत शे. मी दारमाच उभी व्हती ना. जठे मी बोट लावं, तठूनच धूर निंघना."

पोळी खापरावर पडली. वहिनींनी तिची कड सारखी केली. आणि त्या पुढे बोलल्या. "मी वाट देखी. आज सांगतीन, उद्या सांगतीन. एक डाव वरडतीन, मी रडसू, मंग सगयं मोकयं व्हई जाई. ते बोलनातच नही. त्या बाईना फोन ये, ते सांगेत कारन सापडनं नही. मी सयपाकघरमातून आयकू."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"पहिले भ्याव वाटे. मंग फोन बंद व्हयना. मंग मले समजनं, हाऊ मानूस मन्हासाठे आख्खं काम सोडी बठना." त्यांनी पोळी उलटली. "मी त्यासनं ते काम बुडाडं, ताई. आते मी सांगं तं त्यासनं सोडनंबी बुडी जाई. मंग त्यासनाजोडे काय ऱ्हाई?"

धुराने माझे डोळे चुरचुरत होते, असं मी म्हणू शकते, पण ते खरं नाही. मी रडत होते आणि वहिनी पोळ्या करत होत्या. इतकी वर्षं एका घरात, एका ताटाशी बसून, दोन माणसं एकमेकांना एकच गोष्ट कळू देत नव्हती. पहिल्या आठवड्यात दोघांपैकी कुणीही तोंड उघडलं असतं तर देसाईबाई परत आल्या असत्या. दोघांनाही दुसऱ्याला जपायचं होतं आणि त्या जपण्यात ती खोली गेली, ती मुलं गेली, सरांची सगळी उमेद गेली. मला दोघांचाही राग आला आणि दोघांपैकी कुणाला बोलू हे कळेना. वहिनी म्हणाल्या, "तोंड धुई ल्या. ते इचारतीन."

मी तोंड धुतलं आणि निघायला म्हणून ओट्यावर आले. रिक्षा फाट्यावरून बोलावली होती. सरांनी मला खाटेजवळ बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, "इतला वखत काय बोली ऱ्हायन्यात तुम्ही दोन्ही?"

"पोळ्यांचं," मी म्हटलं. "कणीक किती सैल ठेवायची ते."

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे नजर टाकली. मग माझ्याकडे जरा झुकले. चेहरा इतका उजळला होता की क्षणभर आजारी दिसेनात. एखादी चकती डाग न पडता बाहेर आली की ते असे दिसायचे.

"तिले आजूनबी समजेल नही, ताई," ते म्हणाले.

"नाही सर," मी म्हटलं. "काहीच कळलेलं नाही त्यांना."

सरांनी समाधानाने मान हलवली आणि आवाज चढवून आत हाक मारली, "आयकं का, ताईले पोया बांधी दे."

"बांधी ठेव्यात," आतून वहिनी म्हणाल्या.